सेविकेची सेवा कोणी करावी?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झरी जामणी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव म्हटला म्हणजे तोरणे, पताका, गायन, भोजन आणि गतकाळच्या आठवणी ह्या ओघानेच येतात. त्यांत वावगे काही नाही. परंतु ज्या पवित्र ग्रंथातून ही कल्पना आपणांकडे आली, त्यात तिचा अर्थ अधिक भारदस्त आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा जो विधी सांगितला आहे, त्यात रणशिंग फुंकून घोषणा करावयाची ती सुटकेची. कर्जापायी ज्याची जमीन गेली त्याला ती परत मिळावी, आणि दारिद्र्यापायी ज्याने स्वतःला दुसऱ्याच्या चाकरीत गुंतवून घेतले त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे, हा त्या वर्षाचा नियम. त्याच अध्यायात आणखी एक आज्ञा आहे: आपल्या जवळचा बंधू दरिद्री झाला व त्याचा हात थकला, तर त्याला सावरून धरावे आणि त्याच्या अडचणीवर व्याज कमावू नये.

ज्यांचा हात दुसऱ्यांना उचलता उचलताच थकला, अशा एका वर्गाकडे आज आपले लक्ष वेधावे, असे आम्ही योजिले आहे. तो वर्ग म्हणजे परिचारिकांचा. परिचारिका आजारी पडली, विधवा झाली, तिची नोकरी सुटली किंवा ती म्हातारी झाली, तर तिला द्रव्यसाहाय्य कोणी करावे, कसे करावे आणि ते कोणत्या भावनेने करावे, एवढाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आपल्या मुलुखाकडे पाहू. झरी जामणीचा हा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेच्या बाजूला वसलेला. पलीकडे तेलंगण लागते. कोलामांचे पोड, गोंड व परधान बांधवांच्या वस्त्या, कापसाची व तुरीची शेते आणि मधून मधून रान, असा हा प्रदेश. डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि २०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी दंडक आहे; सपाटीवर हेच आकडे ५,००० व ३०,००० असे आहेत. ह्या आकड्यांचा अर्थ असा की, उपकेंद्रावर नेमलेल्या एका बाईच्या खांद्यावर हजारो जिवांचा भार असतो. सरकारी कागदात तिचे नाव साहाय्यक परिचारिका-प्रसाविका असे लांबलचक आहे. आपण तिला नर्सबाई म्हणतो. लसीकरण तिने करावे, गरोदर बायांची नोंद तिने ठेवावी, तापाच्या रोग्याच्या रक्ताचा नमुना तिने घ्यावा, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तरी पोडावर तिनेच पोहोचावे. डॉक्टरांची गाठ पडेल तेव्हा पडेल. नर्सबाईची गाठ मात्र जन्माच्या वेळीही पडते आणि पुष्कळदा मरणाच्या वेळीही.

दुसरा वर्ग आहे तो आपल्याच लेकींचा. शेतात पुरेसे पिकत नाही म्हणून बापाने कर्ज काढावे, मुलीला परिचर्येच्या शिक्षणाकरिता शहरात धाडावे, आणि तिच्या पगारावर धाकट्या भावंडांची शाळा चालावी, ही कथा विदर्भातील किती तरी घरांची आहे. ती मुलगी पुढे वणी, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर येथे किंवा त्याहून दूर एखाद्या खाजगी इस्पितळात लागते. घरी येते तेव्हा सर्वांसाठी काही ना काही आणते. तिच्या स्वतःच्या गाठीला काय उरले, हे तिला कोणी विचारीत नाही व तीही सांगत नाही.

आता अडचण कोणत्या वाटांनी येते ते पाहिले पाहिजे, कारण दुखणे ओळखल्यावाचून औषध देता येत नाही. पहिली वाट रोगाची. क्षयरोग्याच्या उशाशी बसणारीला क्षयाची बाधा होण्याचे भय असते. वापरलेली सुई बोटात रुतली तर यकृताच्या काविळीसारखा रोग रक्तातून येऊ शकतो. त्या काविळीच्या एका प्रकारावर लस आहे, परंतु ती वेळेवर टोचून घेतली गेली पाहिजे. दुसरी वाट शरीर झिजण्याची. जड रोग्याला कुशीवर वळविणे, उचलून खाटेवर घेणे, रात्र रात्र उभे राहणे, ह्यांनी कंबर व गुडघे पन्नाशीच्या आतच जाब विचारू लागतात. तिसरी वाट संसारातील आघाताची: नवरा गेला, मूल दुखणाईत झाले, सासरी थारा राहिला नाही. चौथी वाट नोकरीच्या अस्थिरतेची. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाल्यापासून पुष्कळ परिचारिका कंत्राटावर काम करीत आल्या आहेत. मुदत संपली की पुढचा हुकूम येईपर्यंत जीव टांगणीला. कंत्राटी भरतीच्या ह्याच प्रश्नावर महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी २०२२ साली संप केला, हे आपणांस आठवत असेल.

पगाराविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खाजगी इस्पितळांतील परिचारिकांच्या दैन्याची तक्रार भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. न्यायालयाने २०१६ सालच्या जानेवारीत आदेश दिल्यावर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने अशी शिफारस केली की, ५० खाटांहून लहान इस्पितळातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये, आणि २०० खाटांहून मोठ्या इस्पितळात ते सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे असावे. शिफारस होऊन इतकी वर्षे लोटली, तरी लहान गावांतील कित्येक दवाखान्यांत त्या आकड्याचे नाव काढले तर मालक हसतात. अशा वेतनातून खोलीचे भाडे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवावयाची रक्कम वजा केली म्हणजे संकटासाठी काय शिल्लक राहणार?

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. ज्या बाईने शेकडो रोग्यांना धीर दिला, ती स्वतःच्या अडचणीत तोंड का उघडीत नाही? आम्हांस वाटते, ह्याचे कारण तिच्या धंद्यातच आहे. देण्याची सवय लागलेल्या हाताला पसरण्याची लाज वाटते. शिवाय लोक तिला पगारदार समजतात. पगारदाराने मागितले तर लोक नाक मुरडतात. म्हणून ती आधी अंगावरचे दागिने विकते, मग सावकाराकडे जाते, मग औषधाचे डोस निम्मे करते, आणि सर्वांत शेवटी एखाद्या मैत्रिणीपाशी रडते. मदत करणाराला हे ठाऊक असले पाहिजे. जो अर्जाची वाट पाहत बसेल, त्याच्याकडे परिचारिकेचा अर्ज येईल तो फार उशिरा.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा किंवा आजचा नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी क्रिमियाच्या युद्धात जखमी शिपायांची सेवा केली, तेव्हा इंग्लंडातील लोकांनी कृतज्ञतेने १८५५ सालापासून वर्गणी जमविली. सुमारे ४५,००० पौंडांचा तो निधी. बाईंनी त्यातून स्वतःसाठी काही न घेता १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा उघडविली. पुढे त्याच देशात लोकांच्या ध्यानात आले की, शिकवून तयार केलेली परिचारिका म्हातारपणी उघड्यावर पडते; तेव्हा १८८७ साली परिचारिकांचा राष्ट्रीय निवृत्तिवेतन निधी निघाला. त्याची रचना विचार करण्याजोगी आहे. परिचारिकांनी आपापली वर्गणी भरावयाची आणि धनिकांच्या देणग्यांनी तीत भर घालावयाची. त्यामुळे परिचारिका याचक ठरली नाही; ती भागीदार ठरली. पुढे पहिल्या महायुद्धात एडिथ कॅव्हेल ह्या इंग्रज परिचारिकेने ब्रसेल्स येथे अडकलेल्या सैनिकांना निसटून जाण्यास साहाय्य केले, म्हणून जर्मन लष्करी सत्तेने तिला १२ ऑक्टोबर १९१५ रोजी गोळ्या घातल्या. तिच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून १९१७ साली थकल्याभागल्या परिचारिकांसाठी विश्रामगृहांची योजना निघाली, आणि त्याच मूळातून वाढलेली संस्था आजही अडचणीतील परिचारिकांना द्रव्यसाहाय्य करीत असते. पुतळेही उभे राहिले. परंतु परिचारिकेच्या चुलीला आधार झाला तो ह्या संस्थेचा.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या सेवेची परंपरा लहान नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगाने त्या १० मार्च रोजी निवर्तल्या. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. त्या काळी भल्या घरची बाई इस्पितळात परक्यांची सेवा करते, हेच लोकांना खपत नसे. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात परिचारिका अवघ्या ७,००० च्या आसपास, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, अशी स्थिती होती. त्या तुटपुंज्या संख्येपासून आज गावोगाव नर्सबाई दिसते, हे थोडे नव्हे. परंतु संख्या वाढली तशी तिच्या संकटकाळची तजवीज वाढली काय, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिकांनीच देऊन ठेविले आहे. अरुणा शानभाग ही उत्तर कानड्यातील हळदीपूरची मुलगी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. वय अवघे पंचविसाच्या घरात, लग्न ठरलेले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच इस्पितळातील एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला, आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तिला ना नीट दिसे, ना बोलता येई, ना हाताने घास घेता येई. नातलगांचे येणेजाणे हळूहळू थांबले. अशा स्थितीत ती ४२ वर्षे जगली, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारली.

ह्या ४२ वर्षांत तिचे कोण होते? तिच्याबरोबर काम केलेल्या परिचारिका निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी ज्या आल्या त्यांनी तिला कधी गणवेशात पाहिलेही नव्हते. तरीही प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीच्या हाती तिला सोपविले. पाळीपाळीने तिला भरविले, अंग पुसले, कुशीवर वळविले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तिला तपासले, तेव्हा इतक्या वर्षांच्या अंथरुणानंतरही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. ज्याने घरी कोणाचे दीर्घ आजारपण काढले आहे, त्यालाच ह्या एका गोष्टीचे मोल कळेल. मध्यंतरी तिला तेथून हलवून खाट मोकळी करण्याचा विचार महापालिकेने केला असता परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला. पुढे लेखिका पिंकी विराणी यांनी, अरुणेच्या यातना संपाव्यात ह्या कळवळ्याने, तिला कृत्रिम रीत्या जगविणे थांबवावे अशी विनंती न्यायालयास केली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती विनंती अमान्य केली. आणि कायद्याच्या दृष्टीने अरुणेचे खरे निकटवर्ती कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना, वर्षानुवर्षे तिची सेवा करणारा त्या इस्पितळाचा सेवकवर्ग, असे सांगितले. ती वारली तेव्हा अंत्यसंस्कारालाही तीच माणसे पुढे झाली.

बंधुभगिनींनो, ह्या उदाहरणातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक अशी की, खरे साहाय्य एका दिवसाचे नसते. त्याला पाळी लावावी लागते. पहिल्या आठवड्यात सर्वच जण धावून येतात. बेचाळिसाव्या वर्षी कोण येते, ह्यावर साहाय्याची किंमत ठरते. दुसरी अशी की, निकटवर्तीपण जन्माने मिळते तसे ते सेवेनेही मिळते. देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनाने ते मान्य केले आहे. आणि तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. अरुणेला तिच्या सहकारिणी मिळाल्या, कारण ती मोठ्या शहरातील मोठ्या इस्पितळात होती. तीच मुलगी एखाद्या आडगावच्या दहा खाटांच्या दवाखान्यात असती, तर तिला खाट कोणी दिली असती आणि पाळ्या कोणी लावल्या असत्या?

सरकार काही करीत नाही, असे आमचे म्हणणे नाही. २०१८ साली केरळात निपाह रोगाच्या रोग्याची शुश्रूषा करताना लिनी पुथुसेरी ही तरुण परिचारिका २१ मे रोजी मरण पावली, तेव्हा तेथील सरकारने तिच्या दोन्ही मुलांना प्रत्येकी १० लाख रुपये व पतीला सरकारी नोकरी दिली. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व प्रसाविका यांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. नेमक्या त्याच वर्षी कोरोनाची महामारी आली. केंद्र सरकारने ३० मार्च २०२० पासून, रोग्यांची सेवा करताना प्राण गमावणाऱ्या आरोग्यसेवकांच्या वारसांसाठी ५० लाख रुपयांचा विमा लागू केला. हे योग्यच झाले. परंतु ह्या दोन्ही तजविजी मरणानंतरच्या होत्या. जी परिचारिका त्या साथीत वाचली पण जिच्या फुप्फुसांत पूर्वीची ताकद राहिली नाही, जिची नोकरी दवाखाना बंद पडल्यामुळे गेली, जिचा नवरा त्याच तापात दगावला, तिच्यासाठी काय? मेलेलीला मानवंदना देणे सोपे असते. जिवंत असलेलीला दोन महिन्यांचे भाडे देणे कठीण असते, कारण त्यासाठी तिच्या घराचा उंबरा चढावा लागतो.

आता काही जण म्हणतील, ह्या तालुक्यात शेतकऱ्याच्या हाल-अपेष्टांना पार नाही. यवतमाळ जिल्ह्याचे नाव कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांमुळे देशभर गेले. अशा ठिकाणी पगारदार परिचारिकेची चिंता का वाहावी? हा आक्षेप खरा वाटतो, परंतु तो वरवरचा आहे. ती परिचारिका त्याच शेतकऱ्याची लेक किंवा सून असते. कपाशी बुडाली त्या वर्षी बियाण्याला पैसा तिच्या पगारातून येतो. ती आडवी झाली की घराचे दोन्ही खांब एकदम कोसळतात. शिवाय एका घराला आधार दिल्याने दुसऱ्या घराचा हक्क बुडत नाही. देण्याची सवय ही वापराने झिजत नाही, वाढते.

तर मग आपण काय करावे? आम्ही सुचवितो की, ह्या महोत्सवाच्या खर्चातून व वर्गणीतून उरेल त्यातला काही भाग बाजूला काढून, अडचणीतील परिचारिकांसाठी एक लहानसा निधी आपल्या धर्मग्रामाने सुरू करावा. रकमेच्या लहानपणाने संकोचू नये. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा मागून जो पैसाफंड उभारला, त्यातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला, ही महाराष्ट्राचीच गोष्ट आहे. १०० कुटुंबांनी दरमहा केवळ २० रुपये दिले, तर वर्षाला २४,००० रुपये होतात. एवढ्यात कोणाचे मोठे शस्त्रकर्म होणार नाही, हे खरे. परंतु एका बाईचे तीन-चार महिन्यांचे खोलीभाडे, क्षयाच्या उपचाराच्या काळातील दूध-अंडी, नागपूर-सेवाग्रामला जाण्यायेण्याचे भाडे किंवा मुलाची शाळेची फी इतके तरी खास होईल. बहुतेक घरे मोठ्या वादळाने पडत नाहीत. वेळेवर न बुजविलेल्या भोकाने पडतात.

परंतु निधी काढणे सोपे, तो नीट चालविणे अवघड. म्हणून काही नियम आम्ही आपणांपुढे ठेवितो.

पहिला नियम हा की, दान देण्यापूर्वी तिचा हक्क तिला मिळवून द्यावा. भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा, २६ आठवड्यांची प्रसूतीची पगारी रजा, सेवेनंतरचे उपदान, ह्या गोष्टी कायद्याने ठरलेल्या आहेत. त्या कोणाला व कोणत्या अटींवर लागू होतात हे पाहून, अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळत असेल तर तो घ्यावा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दराने राखाव्यात, अशी मुंबई उच्च न्यायालयाची २००६ सालची योजना आहे. तिचा लाभ मागावा. दवाखान्याने मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेविली असतील, तर ती सोडविण्यास चार जाणत्या माणसांनी सोबत जावे. जे तिचे आहे ते न मिळविता तिला भिक्षा घालणे, हे मालकाच्या अन्यायावर पांघरूण घालण्यासारखे आहे.

दुसरा नियम गुप्ततेचा. तिचे नाव निधीच्या दोन-तीन विश्वस्तांपलीकडे जाऊ नये. फलकावर लागू नये, मिस्सेनंतर वाचले जाऊ नये, आणि धनादेश हाती देतानाचे छायाचित्र तर मुळीच काढू नये. डाव्या हाताला उजव्याची खबर नसावी, हा आपल्या प्रभूचा उपदेश जितका देणाऱ्याच्या आत्म्यासाठी आहे, तितकाच घेणाऱ्याच्या अब्रूसाठीही आहे, असे आम्हांस वाटते.

तिसरा नियम त्वरेचा. लहान रक्कम आठवड्याच्या आत मिळावी; मोठ्या रकमेचा विचार मागाहून सभेत व्हावा. आजच्या तापाला पुढच्या वर्षीचे औषध चालत नाही.

चौथा नियम हा की, जात, पंथ व धर्म पाहू नये. नर्सबाई इंजेक्शन देताना आपला धर्म विचारीत नाही. तेव्हा निधीने तिला तो विचारावा, हे शोभणार नाही. ती परिचारिका असावी, किंवा परिचारक पुरुष असावा, आणि खरोखर अडचणीत असावा, एवढे पुरे.

पाचवा नियम हिशेबाचा. नावे गुप्त, पण आकडे उघडे. किती जमले, किती वाटले, किती शिल्लक, हे दरवर्षी सर्वांसमोर वाचावे. निधी मोठा होऊ लागला तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्याप्रमाणे त्याची रीतसर व्यवस्था करावी. ज्या पेटीचा हिशेब लागत नाही, तीत दुसऱ्या वर्षी कोणी पैसा टाकीत नाही, आणि ते योग्यच आहे.

सहावा नियम, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पैशाबरोबर पाळीही लावावी. आजारी परिचारिकेच्या घरी आठवड्यातून एकदा कोणी तरी जावे. तिची मुले एक वेळ आपल्याकडे जेवावीत. तिला तपासणीला न्यावयाचे तर ज्याच्याकडे गाडी आहे त्याने न्यावे. शेतावर कामे पडली असतील तर तरुण मंडळींनी दोन दिवस निंदणीला हात लावावा. ज्यांच्यापाशी द्रव्य नाही, त्यांनाही ह्या निधीचे सभासद होण्याची ही वाट आहे.

शेवटी परिचित अशा एका दृष्टांताची आठवण करून देऊन आम्ही भाषण पुरे करितो. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाला त्याने उचलले, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, हे सर्वांना आठवते. पण तो दुसऱ्या दिवशी पुढे निघाला, तेव्हा त्याने काय केले? त्याने उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दोन नाणी ठेविली, रोग्याची काळजी घेण्यास सांगितले, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना आपण तो भरून देऊ, असे वचन दिले. पुढचे दिवस त्या जखमीपाशी कोण जागले असेल? तोच रखवालदार. त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि त्याच्यावर प्रवचनही क्वचितच होते. पण शोमरोन्याला एवढे कळले होते की, सेवा करणाऱ्याच्या पदराला खार लागू देता कामा नये. त्याची दया जखमीपाशी थांबली नाही. ती सेवा करणारापर्यंत पोहोचली.

आपल्या घरांतील जन्म आणि आजार ज्यांच्या हातांतून गेले, त्या परिचारिका म्हणजे आपल्या वाटेवरच्या उतारशाळेचे रखवालदार होत. आपला रोगी आपण त्यांच्या स्वाधीन केला, बरा झाल्यावर घरी नेला, आणि पुष्कळदा आभाराचा शब्दही मागे ठेविला नाही. अधिक झालेला खर्च भरून देण्याचे वचन अद्याप आपल्याकडे येणे आहे. आमच्या दृष्टीने ह्या निधीला दान हे नाव शोभत नाही. ती ऋणाची फेड आहे. सभा संपल्यावर दाराजवळ एक कोरी वही ठेविली आहे. ज्यांना द्रव्य देता येईल त्यांनी दरमहाची रक्कम लिहावी. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी आठवड्यातला एक दिवस लिहावा. पहिले पान आजच भरावे, अशी सर्वांना हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.